ग्रंथालये आणि लिंगभाव समानता

ग्रंथालये आणि लिंगभाव समानता हा ग्रंथालयशास्त्र, स्त्री-अभ्यास आणि शिक्षणशास्त्र यांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. स्त्रिया, पुरुष व अन्य लिंगभावाच्या व्यक्ती यांना माहिती मिळवण्याची समान संधी लाभावी यासाठी ग्रंथालयांनी केलेली व्यवस्था, तिचा इतिहास आणि तिच्या मर्यादा यांचा विचार या विषयात केला जातो. सार्वजनिक ग्रंथालयाचे सभासदत्व आज बहुतेक ठिकाणी लिंगभेदाविना खुले आहे. तथापि नियमाने उघडे असलेले दार सर्वांना सारखेच वापरता येते असे नाही. साक्षरता, मोकळा वेळ, घरापासूनचे अंतर, प्रवासाची सुरक्षितता, वर्गणी आणि इंटरनेटची उपलब्धता या बाबतींत स्त्री-पुरुषांची स्थिती भिन्न असल्यामुळे एकाच नियमाचे परिणामही भिन्न होतात. हे अंतर कमी करण्यासाठी ग्रंथालयाची वेळ, जागा, संग्रह, तालिका आणि सेवा यांत कोणते बदल आवश्यक ठरतात, हा या विषयाचा गाभा आहे.

संकल्पना

माहितीच्या समान उपलब्धतेचे दोन स्तर मानले जातात. पहिला स्तर औपचारिक समानतेचा होय. ग्रंथालयाच्या नियमांनी कोणासही लिंगभावाच्या कारणाने प्रवेश नाकारू नये, एवढेच त्यात अपेक्षित असते. दुसरा स्तर वास्तविक समानतेचा आहे. वाचक ग्रंथालयापर्यंत पोहोचू शकतो काय, हवी ती माहिती त्याला सापडते काय, ती त्याच्या भाषेत व समजेल अशा स्वरूपात आहे काय आणि ती निर्धोकपणे वापरता येते काय, हे प्रश्न या स्तरावर विचारले जातात. स्त्रियांनी स्वतः निर्माण केलेले ज्ञान ग्रंथालय जतन करते काय, हा प्रश्नही त्यांच्याशी जोडलेला आहे.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत या विचाराचे बीज आढळते. ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ या दुसऱ्या सूत्राचे विवेचन करताना त्यांनी अभिजन आणि बहुजन, स्त्री आणि पुरुष, नगरवासी आणि ग्रामवासी अशा जोड्यांचा स्वतंत्रपणे विचार केला आहे. ग्रंथ मूठभरांसाठी नसून सर्वांसाठी आहेत, हे त्या सूत्राचे तात्पर्य होय. वाचकाचा वेळ वाचवावा असे सांगणारे चौथे सूत्रही या संदर्भात महत्त्वाचे ठरते. कारण मोकळ्या वेळेची वाटणी स्त्री-पुरुषांत समान नसते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

युरोप व अमेरिका

एकोणिसाव्या शतकात ब्रिटन व अमेरिकेतील अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत स्त्रियांसाठी स्वतंत्र वाचनकक्ष असत. लंडन येथील ब्रिटिश म्युझियमच्या १८५७ मध्ये उघडलेल्या गोलाकार वाचनगृहातही काही आसने स्त्रियांसाठी राखून ठेवलेली होती. सार्वजनिक ठिकाणी एकट्या स्त्रीने बसणे शिष्टसंमत मानले जात नसल्यामुळे अशा कक्षांमुळे अनेक स्त्रियांना वाचनाची सोय झाली. त्याच वेळी, ग्रंथालयाचा मुख्य भाग पुरुषांचा आणि स्त्रियांचा कोपरा वेगळा, ही कल्पनाही त्यातून दृढ झाली.

विद्यापीठीय ग्रंथालयांतील निर्बंध अधिक काळ टिकले. व्हर्जिनिया वुल्फ यांच्या १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ या निबंधग्रंथात निवेदिकेला महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून परत पाठवले जाते. सोबत महाविद्यालयाचा सदस्य किंवा परिचयपत्र असल्याखेरीज तेथे स्त्रियांना प्रवेश नसतो. स्त्रिया व ज्ञानसंस्था यांच्या संबंधाची चर्चा करताना या प्रसंगाचा उल्लेख वारंवार केला जातो.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लहान शहरांतील सार्वजनिक ग्रंथालये उभारण्यात स्त्रियांच्या मंडळांचा मोठा वाटा होता. निधी गोळा करणे, आरंभीचा ग्रंथसंग्रह जमवणे व फिरत्या ग्रंथपेट्या पाठवणे ही कामे या मंडळांनी केली.

भारत व महाराष्ट्र

भारतात आधुनिक ग्रंथालयांचा प्रसार आणि स्त्रीशिक्षणाचा आरंभ साधारण एकाच काळात झाला. पुण्यातील नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजे आजचे पुणे नगर वाचन मंदिर, १८४८ मध्ये स्थापन झाली. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यातच मुलींची शाळा सुरू केली तेही याच वर्षी. परंतु या दोन प्रवाहांची गाठ पडण्यास दीर्घ काळ जावा लागला. १९०१ च्या जनगणनेनुसार भारतात पुरुषांतील साक्षरतेचे प्रमाण ९.८३ टक्के, तर स्त्रियांतील प्रमाण ०.६० टक्के होते. लिहिता-वाचता येणाऱ्या स्त्रियांची संख्या इतकी अल्प असताना ग्रंथालयाचा वाचकवर्ग जवळजवळ संपूर्णपणे पुरुषांचा असणे अपरिहार्य होते.

साक्षर झालेल्या स्त्रियांनाही वाचनासाठी घरातील विरोध सोसावा लागे. रमाबाई रानडे यांच्या १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या आत्मकथनात पतीच्या प्रोत्साहनाने चाललेल्या त्यांच्या शिक्षणास घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून झालेल्या विरोधाचे वर्णन आहे. पंडिता रमाबाई यांनी १८८२ मध्ये पुण्यात स्थापन केलेला आर्य महिला समाज आणि १९०९ मध्ये सुरू झालेली पुण्याची सेवासदन ही संस्था यांसारख्या संस्थांनी स्त्रियांना एकत्र येऊन शिकण्यासाठी घराबाहेरची मान्य जागा मिळवून दिली.

बडोदा संस्थानात महाराज सयाजीराव गायकवाड यांनी शिक्षण आणि ग्रंथालय यांचा एकत्रित विचार केला. १९०६ च्या सुमारास संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण मुलगे व मुली या दोहोंसाठी लागू झाले. १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम अलान्सन बॉर्डन यांना पाचारण करून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणण्यात आले. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी व मुलांसाठी स्वतंत्र विभागांची व्यवस्था होती, तर खेड्यांपर्यंत फिरत्या ग्रंथपेट्या पाठवल्या जात. शाळेत मिळवलेली साक्षरता वाचनाअभावी पुसली जाऊ नये, ही या योजनेमागील भूमिका होती.

स्वातंत्र्योत्तर काळात राज्यांनी ग्रंथालय कायदे केले. त्यांतील पहिला मद्रास राज्याचा १९४८ चा कायदा होय. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला. या कायद्याखाली महाराष्ट्रातील बहुसंख्य सार्वजनिक ग्रंथालये नोंदणीकृत संस्थांकडून चालवली जातात आणि अ, ब, क, ड या वर्गवारीनुसार त्यांना शासकीय अनुदान मिळते. अनेक ग्रंथालयांत महिला विभाग व बालविभाग आहेत. सभासदत्वासाठी सामान्यतः अनामत रक्कम व मासिक किंवा वार्षिक वर्गणी घेतली जाते.

समान उपलब्धतेतील अडथळे

साक्षरता : २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील पुरुषांची साक्षरता ८८.३८ टक्के आणि स्त्रियांची ७५.८७ टक्के होती. हे अंतर वयाने मोठ्या, ग्रामीण व आदिवासी स्त्रियांमध्ये अधिक आहे. केवळ छापील ग्रंथांवर आधारलेली सेवा या वर्गापर्यंत पोहोचत नाही.

वेळ : राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे खर्च करतात. सकाळी व सायंकाळी उघडी असणारी ग्रंथालये नोकरदार पुरुषांना सोयीची ठरतात. परंतु स्वयंपाक, पाणी भरणे आणि मुलांची शाळा यांची वेळ नेमकी तीच असते.

हालचालीचे स्वातंत्र्य : ग्रंथालय बाजारपेठेत, पुरुषांचा वावर असलेल्या चौकात किंवा वरच्या मजल्यावरील अंधाऱ्या जागेत असल्यास मुलींना तेथे पाठवण्यास कुटुंबे नाखूश असतात. रस्त्यावरील दिवे, बसची शेवटची फेरी आणि स्वच्छतागृह या ग्रंथालयाशी वरकरणी असंबद्ध वाटणाऱ्या गोष्टी स्त्रियांच्या उपस्थितीवर प्रत्यक्ष परिणाम करतात. स्पर्धापरीक्षांच्या उमेदवारांसाठी चालवल्या जाणाऱ्या अभ्यासिकांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष तीव्र होतो. कारण तेथील अभ्यास रात्री उशिरापर्यंत चालतो.

खर्च व कागदपत्रे : घरखर्चात स्त्रीच्या वाचनाची वर्गणी ही सहज वगळली जाणारी बाब असते. विवाहानंतर आडनाव व पत्ता बदललेल्या स्त्रियांकडे नव्या पत्त्याचा पुरावा नसल्यासही सभासदत्व मिळण्यास अडचण येते.

डिजिटल दरी : पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) भारतात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३३.३ टक्के, तर पुरुषांचे ५७.१ टक्के होते. स्वतः वापरता येईल असा मोबाइल फोन ५३.९ टक्के स्त्रियांकडे होता. शासकीय योजनांचे अर्ज, परीक्षांचे निकाल आणि बँकेचे व्यवहार ऑनलाइन होत असताना ही दरी म्हणजे केवळ सोयीचा अभाव राहत नाही, तर हक्क बजावण्यातील अडथळा ठरते.

ग्रंथालयांच्या उपाययोजना

वेळ, जागा व सभासदत्व

दुपारच्या वेळी ग्रंथालय उघडे ठेवणे, महिला विभागात स्त्री कर्मचारी नेमणे, बालविभाग व वाचनकक्ष एकमेकांलगत ठेवणे आणि स्वच्छतागृहाची सोय करणे हे तुलनेने अल्प खर्चाचे उपाय आहेत. बालविभाग लगत असल्यास मुलाला सांभाळणाऱ्या आईला स्वतःसाठीही पुस्तक निवडता येते. कौटुंबिक सभासदत्वाऐवजी व्यक्तिगत सभासदत्व दिल्यास स्त्रीला स्वतःच्या नावाने ग्रंथ घेता येतो. शिवाय वाचकसंख्येची नोंदही अचूक होते. पतीच्या किंवा मुलाच्या नावावर घरी आलेले पुस्तक प्रत्यक्षात घरातील स्त्री वाचत असेल, तर नोंदवहीत ती वाचक म्हणून दिसत नाही.

ग्रंथ वाचकापर्यंत नेणे

वाचकाने ग्रंथालयात यावे ही अपेक्षा जेथे पूर्ण होऊ शकत नाही, तेथे ग्रंथ वाचकाकडे नेण्याची पद्धत उपयुक्त ठरली आहे. केरळमध्ये राज्य ग्रंथालय परिषदेच्या योजनेनुसार ग्रामीण ग्रंथालयांतील महिला कर्मचारी स्त्रियांना व वृद्धांना घरपोच पुस्तके देतात. ठरलेल्या दिवशी घरोघर जाऊन वाचून झालेले पुस्तक परत घेणे व नवे देणे, असे या सेवेचे स्वरूप आहे. पुस्तक देणारी व्यक्ती स्त्री असल्यामुळे आवडीनिवडींविषयी मोकळेपणाने बोलणे शक्य होते.

नाशिक येथील कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात शंभर मराठी पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे सोपवली जाते आणि ठरावीक काळाने पेट्यांची अदलाबदल होते. हा उपक्रम महाराष्ट्राबाहेरील व परदेशांतील मराठी वाचकांपर्यंतही पोहोचला आहे. तो केवळ स्त्रियांसाठी नाही. परंतु पेटी वस्तीतीलच एखाद्या घरी राहत असल्याने अंतर व वेळ हे दोन्ही अडथळे त्यामुळे कमी होतात. बचत गटांच्या बैठका, अंगणवाड्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे या ठिकाणीही अशा पेट्या ठेवता येतात.

नेपाळमध्ये १९९१ पासून कार्यरत असलेल्या रीड या संस्थेने ग्रामीण ग्रंथालयाला सामुदायिक केंद्राचे रूप दिले. साक्षरता वर्ग, स्त्रियांसाठी व मुलांसाठी विभाग आणि ग्रंथालयाच्या खर्चासाठी उत्पन्न देणारा स्थानिक उद्योग यांची सांगड त्यात घातली जाते.

कायदेविषयक व आरोग्यविषयक माहिती

कायद्याने दिलेला हक्क संबंधित व्यक्तीला ठाऊक नसेल तर तो निरुपयोगी ठरतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रियांना, उत्पन्नाची अट न लावता, मोफत विधी सेवा मिळू शकते. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने सहदायिक मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. त्याच वर्षीच्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने संरक्षण अधिकाऱ्याची तरतूद केली. अशा कायद्यांची सोप्या मराठीतील माहिती, अर्जाचे नमुने, महिला मदतवाहिनी १८१ चा क्रमांक आणि तालुका विधी सेवा समितीचा पत्ता दर्शनी भागात ठेवणे हे ग्रंथालयाच्या संदर्भसेवेचे काम आहे.

कायदेशीर सल्ला देणे किंवा वैद्यकीय निदान करणे हे मात्र ग्रंथपालाचे काम नाही. अद्ययावत व विश्वसनीय माहिती दाखवणे आणि योग्य यंत्रणेकडे पाठवणे, ही त्याची मर्यादा मानली जाते. मासिक पाळी, गर्भनिरोधन, रजोनिवृत्ती आणि मानसिक आरोग्य या विषयांवरील पुस्तके संग्रहात असणे जेवढे आवश्यक, तेवढेच ती संकोच न वाटता हाती घेता येणेही आवश्यक असते.

गोपनीयता

कोणत्या वाचकाने कोणते पुस्तक नेले याची माहिती इतरांना न देणे हे ग्रंथालय व्यवसायाचे मान्य तत्त्व आहे. लहान गावात ग्रंथपाल, शेजारी व नातेवाईक हे एकमेकांच्या ओळखीचे असल्याने या तत्त्वाला विशेष महत्त्व येते. घटस्फोट, हिंसाचार किंवा गर्भपात यांविषयीचे पुस्तक नेल्याची वार्ता घरी पोहोचल्यास त्या स्त्रीची स्थिती अधिक बिकट होण्याचा धोका असतो. अशा वेळी नोंदवही सर्वांना दिसेल अशी उघडी न ठेवणे, संगणकावरील शोधाचा इतिहास पुसणे आणि काही पुस्तके ग्रंथालयातच बसून वाचण्याची मुभा देणे हे उपाय उपयोगी पडतात.

संग्रह, वर्गीकरण आणि तालिका

संग्रहात पुस्तक असणे आणि ते वाचकाला सापडणे या भिन्न गोष्टी आहेत. वर्गीकरण पद्धती व विषयशीर्षके त्यांच्या निर्मात्यांच्या काळातील समजुती घेऊन येतात. अमेरिकन ग्रंथपाल सॅनफर्ड बर्मन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयशीर्षकांतील पूर्वग्रहांची चिकित्सा केली. एखाद्या व्यवसायातील पुरुषांसाठी केवळ व्यवसायाचे नाव आणि स्त्रियांसाठी मात्र वेगळे, अपवादसूचक शीर्षक, अशा रचनेमुळे पुरुष हा नियम आणि स्त्री हा अपवाद ठरतो, हा या चिकित्सेतील एक प्रमुख मुद्दा होय. पुढे अशी अनेक शीर्षके बदलण्यात आली.

मराठी तालिकांपुढे लेखिकांच्या नावांचा प्रश्न आहे. विवाहापूर्वीचे नाव, विवाहानंतरचे नाव आणि टोपणनाव यांमुळे एकाच लेखिकेचे लेखन तालिकेत विखुरले जाऊ शकते. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाला. या टोपणनावामागील लेखिका म्हणजे बाळूताई खरे, विवाहोत्तर नाव मालतीबाई बेडेकर. तिन्ही नावांमध्ये परस्परसंदर्भ नसतील, तर एका नावाने शोध घेणाऱ्या वाचकाला अन्य नावांखालील लेखनाचा पत्ता लागत नाही. म्हणून एक नाव प्रमाण मानून अन्य नावांकडून त्याकडे निर्देश करणाऱ्या नोंदी ठेवणे आवश्यक मानले जाते.

संग्रहाच्या जतनाचे महत्त्व ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ या ग्रंथाच्या इतिहासातून दिसते. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निबंध पुढे जवळजवळ विस्मरणात गेला. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये तो संपादित करून पुन्हा प्रकाशात आणल्यानंतर तो मराठीतील व भारतातील स्त्रीवादी विचाराचा महत्त्वाचा दस्तऐवज म्हणून ओळखला जाऊ लागला. फुले दांपत्याच्या शाळेतील विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापला गेला. जुन्या नियतकालिकांचे अंक जपले गेल्यामुळेच असे लेखन पुढील पिढ्यांना उपलब्ध होते. एखादे पुस्तक दीर्घकाळ कोणी नेले नाही एवढ्याच कारणाने ते संग्रहातून बाद करणे स्त्रियांच्या व वंचित समूहांच्या लेखनाच्या बाबतीत म्हणूनच घातक ठरू शकते.

ज्यांनी स्वतः लिहिले नाही अशा स्त्रियांचा इतिहास मौखिक साधनांतून जमवावा लागतो. उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखतींच्या आधारे सिद्ध केलेला ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) हा ग्रंथ त्याचे उदाहरण आहे.

महिला ग्रंथालये व अभिलेखागारे

स्त्रीचळवळीची कागदपत्रे सर्वसाधारण ग्रंथालयांत उपेक्षित राहतात, या जाणिवेतून विसाव्या शतकात खास महिला ग्रंथालये स्थापन झाली.

- लंडन : मताधिकार चळवळीतून आलेल्या एका संस्थेने १९२६ मध्ये सुरू केलेले ग्रंथालय १९५७ पासून फॉसेट ग्रंथालय या नावाने आणि पुढे द विमेन्स लायब्ररी या नावाने ओळखले गेले. २०१३ मध्ये हा संग्रह लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडे आला.
- पॅरिस : पत्रकार मार्गरिट ड्युराँ यांनी आपला संग्रह पॅरिस नगरपालिकेला दिला आणि त्यातून १९३२ मध्ये त्यांच्या नावाचे ग्रंथालय उभे राहिले.
- ॲमस्टरडॅम : रोझा मानुस, योहाना नाबर आणि विलेमाइन पोस्थुमस-व्हान डर ग्रोट यांनी १९३५ मध्ये स्त्रीचळवळीचे आंतरराष्ट्रीय अभिलेखागार स्थापन केले. १९४० मध्ये नाझींनी ते बंद करून सर्व संग्रह पळवून नेला. त्यातील काही कागदपत्रे १९९० च्या दशकात मॉस्को येथे असल्याचे उघडकीस आले व २००३ मध्ये ती परत मिळाली.
- केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स : मताधिकार चळवळीतील नेत्या मॉड वुड पार्क यांनी १९४३ मध्ये रॅडक्लिफ महाविद्यालयाला दिलेल्या कागदपत्रांतून पुढे श्लेसिंगर ग्रंथालय विकसित झाले.
- इस्तंबूल : तुर्कस्तानातील स्त्रियांविषयीचे ग्रंथालय व माहिती केंद्र १९९० मध्ये सुरू झाले.
- ग्लासगो : ग्लासगो विमेन्स लायब्ररी १९९१ मध्ये सुरू झाली. साक्षरता व सामुदायिक शिक्षण हेही तिच्या कार्याचे भाग आहेत.
- मुंबई : श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात १९७४ मध्ये नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यास संशोधन केंद्र सुरू झाले. १९८८ मध्ये स्थापन झालेली स्पॅरो ही संस्था स्त्रियांविषयीची ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे, चित्रफिती व छापील सामग्री जतन करते. सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज या तिच्या संस्थापक होत.

ग्रंथालय व्यवसायातील स्त्रिया

मेल्विल ड्यूई यांनी १८८७ मध्ये न्यूयॉर्क येथील कोलंबिया महाविद्यालयात ग्रंथालयशास्त्राचे पहिले विद्यालय सुरू केले, तेव्हा संस्थेचा विरोध असतानाही त्यांनी स्त्रियांना प्रवेश दिला. पहिल्या तुकडीत बहुसंख्य विद्यार्थी स्त्रियाच होत्या. पुढे अमेरिकेत ग्रंथपालपद हा प्रामुख्याने स्त्रियांचा व्यवसाय बनला. तथापि कमी वेतनात सुशिक्षित मनुष्यबळ मिळते हेही त्यामागील एक कारण होते आणि मोठ्या ग्रंथालयांची प्रमुखपदे दीर्घकाळ पुरुषांकडेच राहिली. १८७६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन ग्रंथालय संघाच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री, थेरेसा वेस्ट एल्मेंडॉर्फ, १९११ मध्ये आली. खुद्द ड्यूई यांचे स्त्रियांशी वर्तन आक्षेपार्ह असल्याच्या तक्रारी त्यांच्या हयातीतच झाल्या होत्या. स्त्रियांशी गैरवर्तन तसेच वंश व धर्म यांवर आधारित भेदभाव या कारणांसाठी संघाने २०१९ मध्ये आपल्या सन्मानपदकातून त्यांचे नाव वगळले. व्यवसायात स्त्रियांची संख्या वाढणे म्हणजे त्यांना समान अधिकार मिळणे नव्हे, हे या इतिहासातून स्पष्ट होते.

भारतात कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. मोठी ग्रंथालयेही या तरतुदीच्या कक्षेत येतात.

आंतरराष्ट्रीय धोरणे

मानवी हक्कांच्या जागतिक घोषणापत्राच्या (१९४८) एकोणिसाव्या कलमाने माहिती मिळवण्याचे स्वातंत्र्य सर्वांना दिले. स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाच्या निर्मूलनाविषयीच्या १९७९ च्या करारातील दहाव्या कलमात कुटुंबाचे आरोग्य व कुटुंबनियोजन यांविषयीची शैक्षणिक माहिती स्त्रियांना उपलब्ध करण्याचा उल्लेख आहे. भारताने या करारास १९९३ मध्ये अनुसमर्थन दिले.

युनेस्कोचा सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनामा प्रथम १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघ (इफ्ला) व युनेस्को यांच्या १९९४ च्या आवृत्तीत वय, वंश, लिंग, धर्म, राष्ट्रीयत्व, भाषा वा सामाजिक स्थान यांचा भेद न करता सर्वांना सेवा देण्याचे तत्त्व आहे; ही सेवा तत्त्वतः विनामूल्य असावी असेही त्यात म्हटले आहे. या जाहीरनाम्याची सुधारित आवृत्ती २०२२ मध्ये निघाली. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी पाचवे उद्दिष्ट लिंगभाव समानतेविषयी आहे, तर सोळाव्या उद्दिष्टातील एक लक्ष्य माहितीच्या सार्वजनिक उपलब्धतेविषयी आहे. ग्रंथालयांचे कार्य या दोहोंना जोडणारे आहे, अशी भूमिका इफ्लाने मांडली आहे.

मर्यादा व मतभेद

स्वतंत्र महिला विभाग असावा की नसावा, याविषयी मतभेद आहेत. अशा विभागामुळे अनेक स्त्रियांचे ग्रंथालयात पहिले पाऊल पडते, असे समर्थकांचे म्हणणे आहे. उलट, विभागातील संग्रह पाककृती, भरतकाम, व्रतवैकल्ये व हलक्याफुलक्या कादंबऱ्यांपुरता राहिल्यास स्त्रियांच्या वाचनाविषयीचे जुने गृहीतकच पक्के होते, असा आक्षेप घेतला जातो. संपूर्ण संग्रह सर्वांना खुला ठेवून महिला विभाग हा जास्तीचा पर्याय म्हणून राखल्यास हा आक्षेप बऱ्याच अंशी दूर होतो.

वर्गणी हा दुसरा वादाचा मुद्दा आहे. जाहीरनाम्यातील विनामूल्य सेवेचे तत्त्व आणि महाराष्ट्रातील वर्गणीवर व अनुदानावर चालणारी व्यवस्था यांत विसंगती आहे. वर्गणी बंद केल्यास लहान संस्थांचे उत्पन्न घटते. ती वाढवल्यास स्वतंत्र मिळकत नसलेल्या स्त्रिया प्रथम गळतात. अनुदानाची अपुरी रक्कम आणि कर्मचाऱ्यांचे अल्प वेतन यांमुळे दुपारची वेळ, घरपोच सेवा किंवा अतिरिक्त स्त्री कर्मचारी यांसाठी निधी काढणे अशा ग्रंथालयांना कठीण जाते.

पारलिंगी व्यक्तींचा प्रश्न तुलनेने अलीकडे चर्चेत आला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नालसा निकालाने स्वतःचा लिंगभाव ठरवण्याचा त्यांचा हक्क मान्य केला आणि २०१९ च्या कायद्याने सार्वजनिक सेवा-सुविधांत त्यांच्याशी भेदभाव करण्यास मनाई केली. सभासदत्वाच्या अर्जात केवळ दोन पर्याय असणे, ओळखपत्रावरील नाव आणि वापरातील नाव भिन्न असणे आणि स्त्री-पुरुष अशीच आसनव्यवस्था असणे, या बाबी त्यांच्यासाठी अडथळा ठरतात.

मूल्यमापनाची अडचणही मोठी आहे. एकूण सभासद व एकूण देवघेव एवढीच आकडेवारी ठेवली असता कोणता वर्ग ग्रंथालयात येत नाही हे कळत नाही. सभासद, दैनंदिन उपस्थिती, संगणकाचा वापर आणि कार्यकारी मंडळातील प्रतिनिधित्व यांच्या लिंगभावनिहाय नोंदी ठेवल्या, तरच केलेल्या उपायांचा परिणाम तपासता येतो. या नोंदी ठेवतानाही व्यक्तिगत वाचनाची गोपनीयता राखणे आवश्यक असते.

हेही पाहा

- महाराष्ट्रातील ग्रंथालय चळवळ
- शि. रा. रंगनाथन
- सयाजीराव गायकवाड तृतीय
- ताराबाई शिंदे
- मालतीबाई बेडेकर
- स्त्री-अभ्यास
- डिजिटल दरी
- शाश्वत विकास उद्दिष्टे